बानाबाईची टिचकी

माझ्याकडे फोन शिकायला येणारं माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारतं, "बाई, जमंल का हो मला?" बानाबाईनं ते विचारलंच नाही. खुर्ची चाचपून बसली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्याच्यातून एका मानसाला फोन कसा लावायचा तेवढं सांग. बाकीच्या भानगडीत मला पडायचं नाय."

आता मला राग येतो, आणि लवकर येतो, हे आमच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "मावशी, भाकरी करायची तर आधी पीठ मळावं लागतं ना? एकदम तव्यापाशी कसं जाता येईल?"

"मह्याकडं टाइम नाय."

"का? यष्टी सुटायली का तुमची?"

"यष्टी नाय. मेंढरं चाललीत."

इथं माझे कान उभे राहिले. राग हा माझा एक अवगुण, चांभारचौकशी हा दुसरा. शहरात राहणारी बाई, लेक तिला मोटारसायकलवर जिन्यापर्यंत सोडून गेला, अंगाला धुतलेल्या लुगड्याचा आणि साबणाचा वास, आणि हिची मेंढरं कुठं चालली? पण पहिल्याच दिवशी खोदून विचारणं बरं दिसत नाही. मी गप्प बसून धड्याला लागले.

मी सरिता. मला जन्मापासून दिसत नाही. क्रांती चौकाजवळ एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, खाली दिवसभर हॉर्नचा कल्ला, आणि वर मी. नजर गेलेल्या माणसांना मी मोबाइल शिकवते. काचेचा सपाट फोन, त्याला एक बटण नाही की उंचवटा नाही, तो आंधळ्या माणसानं वापरायचा कसा, असं डोळस लोक मला विचारतात. फोनमध्येच एक सोय असते. ती चालू केली की बोट जिथं ठेवाल तिथं काय आहे ते फोन बोलून दाखवतो. डोळस माणसानं टोचलं की लगेच उघडतं. आमचं तसं नाही. आमचं आधी ऐकायचं, हवं तेच आलं का ते बघायचं, आणि मग काचेवर कुठंही लागोपाठ दोन टिचक्या मारायच्या, की ते उघडतं. पुढच्या गोष्टीवर जायचं तर एक बोट उजवीकडं झटकायचं, मागं यायचं तर डावीकडं. एवढं आलं की निम्मं आलं.

बानाबाईला ते झटकणं काही केल्या येईना. ती काचेवरून बोट असं फिरवायची जसं कुणाच्या पाठीवरून हात फिरवावा. सावकाश, मायेनं. त्यानं काय व्हायचं, बोटाखाली येईल ते सगळं फोन बडबडत सुटायचा. "घड्याळ. कॅमेरा. संदेश. गॅलरी." ती दचकून हात मागं घ्यायची.

"कुरवाळू नका हो त्याला," मी म्हटलं. "झटका. पदरावर मुंगी चढली की कशी उडवता?"

"मुंगी नाय," ती म्हणाली. "गोचीड."

"काय?"

"मेंढराच्या कानाला गोचीड लागती. ती अशी काढून फेकायची." आणि तिनं काचेवर बोट असं झटकलं की फोन मुकाट्यानं पुढच्या चौकटीवर गेला. मी खूश झाले. पुढं मग आमच्या दोघींत त्या झटक्याचं नाव गोचीडच पडलं. "एक गोचीड उजवीकडं, मावशी." "उडवली." असा आमचा वर्ग चालायचा.

तिची बोटं मात्र लई खरबरीत. मी तिचा हात हातात घेऊन बघितला, बोटांची टोकं वाळलेल्या लाकडासारखी. काचेला असलं बोट कधी कधी कळतच नाही. तिला वाटायचं फोन हट्टीपणा करतो. मग ती जिभेला बोट लावायची आणि ओल्या बोटानं फोन भलतीकडंच भरकटायचा. मी खोबरेल तेलाचा एक थेंब तिच्या बोटांना चोळून पुसून दिला. ती हसली. म्हणाली, "म्हातारपणी मह्या बोटाचं कौतुक व्हायलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं. किंवा मी विचारलं असेन. तेही शक्य आहे.

बानाबाई पिशोरकडची. मेंढपाळाच्या घरात जन्मली, मेंढपाळाच्याच घरात पडली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि मेंढरं हाकत गोदावरीच्या अंगाला उतरायचं. गंगापूरकडं कापूस वेचून झालेली रानं, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं, तिथं मेंढरं चरायची. रात्री शेतकऱ्याच्या वावरात बसवायची म्हणजे रानाला खत मिळतं. पावसाच्या तोंडावर पुन्हा घाट चढून गावाकडं. जन्म असाच गेला. अजिनाथ, तिचा एकुलता एक, तोही असाच वाटेत एका बांधावर झाला. त्याला मात्र तिनं मेंढरांमागं येऊ दिलं नाही, भावाकडं ठेवून शिकवलं. आता तो वाळूजला कंपनीत आहे, मुकुंदवाडीला तिसऱ्या मजल्यावर त्यानं घर घेतलंय.

काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. शेवटी एकदा बिऱ्हाडावर उकळत्या कालवणात तिचा हात गेला आणि त्याच आठवड्यात अजिनाथ येऊन तिला शहरात घेऊन गेला. तिचे मालक, अजिनाथ त्यांना दादा म्हणतो, मेंढरांबरोबर मागं राहिले. तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावर आणि ते रानात.

"आन् आता मेंढरं इकायलेत," ती म्हणाली. "शुक्रवारी बेपारी येनार हाय, गंगापूरच्या अंगाला, बिऱ्हाडावरच. समदी एकदम घेऊन जानार. मंग मालक हितं येतील ऱ्हायला."

"मग चांगलंच की. दोघं एकत्र राहाल."

तिनं फोन बाजूला सारला. मग म्हणाली, "मला इकू द्यायची नायत."

"मग सांगा ना तसं लेकाला."

"लेकाला काय सांगू? त्यो म्हनतो दादा थकलेत, त्येंलाच नको झालीत. त्येंलाच नको असतील तर म्या कोन आडवी पडनार? पन मला त्येंच्या तोंडून आयकायचंय. आन् मला बी एक सांगायचंय त्येंला."

फोन तर रोज संध्याकाळी व्हायचा. अजिनाथ कामावरून आला की लावायचा आणि स्पीकरवर टाकून सोफ्यावर मधोमध ठेवायचा. सून रत्नमाला शेजारी, टीव्ही चालू, सगळं घर त्या फोनमध्ये बोलायचं. दादा जेवले का, पानी हाय का, थंडी हाय का. लेकासुनेसमोर नवऱ्याला मनातलं कसं बोलावं? तिच्या पिढीत ती रीतच नाही. तिला फक्त "बरं हाय" एवढंच म्हणता यायचं. दुपारी मात्र लेक-सून दोघंही कामावर, घर रिकामं. आणि दुपारीच मेंढरं सावलीला बसली की मालक पिशवीतून फोन काढून चालू करायचे. ही वेळ आणि संध्याकाळची सोडली तर चार्जिंग वाचवायला बंद. म्हणजे तिला दुपारी, एकटीनं, आपल्या हातानं फोन लावता यायला हवा होता. तोही शुक्रवारच्या आत.

"आत्ता मी लावून देऊ का?" मी विचारलं. लावलाही. सकाळची वेळ, फोन बंद.

मग मी तिला सोपी वाट दाखवली. म्हटलं, "मावशी, एवढी गोचीड उडवत बसायची गरजच नाही. हे माइकचं बटण. ह्याच्यावर दोन टिचक्या मारायच्या आणि तोंडानं सांगायचं, अमक्याला फोन लाव. झालं काम. काय नाव आहे मालकांचं?"

खाली चौकात कुणीतरी कुणाला हिंदीत शिव्या घालत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"मावशी? नाव?"

"फोनात हाय की."

"फोनात आहे, पण फोनला सांगायला तुम्हाला तोंडानं घ्यावं लागेल ना!"

"तू शिकलेली हायेस ना?" ती एकदम कडक आवाजात म्हणाली. "मंग मला बोटानंच शिकव."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी आजी होती गंगापूरची, तिनंही जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर शेजारणीला कोपर मारायची. पण मी माझ्याच नादात. मला वाटलं, बाईला बोटानं शिकायची जिद्द आहे, वा! मी बोटानं शिकवायला लागले.

यादी उघडायची, खाली सरकायचं, नाव ऐकायचं, दोन टिचक्या. फोन घेऊन देणाऱ्या दुकानदारानं सगळी नावं आधार कार्डावरच्यासारखी भरून दिली होती. अजिनाथ. रत्नमाला. सोनाजी, म्हणजे मालक. त्याच्या खाली सोनिया, ही बानाबाईच्या भावाची मुलगी, चिकलठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगला. बानाबाईनं अजिनाथला फोन लावून दाखवला, पहिल्या फटक्यात. त्यानं उचलला, "माय! तू लावला?" म्हणून ओरडलाच. रत्नमालाला लावला, लागला. मी म्हटलं, आता काय, जिंकलंत तुम्ही.

मग सोनाजी. फोन म्हणाला, "सोनाजी." थोडा वेळ गेला. टिचक्या पडल्या. रिंग गेली. आणि तिकडून पोरीचा आवाज, "हां आत्या, बोल!"

"ठेव, ठेव," बानाबाई म्हणाली, "चुकून लागला."

पुन्हा केलं. "सोनाजी." टिचक्या. "आत्या, मी ड्युटीवर आहे ना गं!" तिसऱ्यांदा सोनिया उचलून काही बोललीच नाही, नुसता उसासा टाकला.

मी चक्रावले. बाकी सगळे लागतात आणि हा एकच का लागत नाही? यादी तपासली, नंबर तपासला. माझ्या हातानं लावून बघितला, बरोबर सोनाजीलाच जात होता. अजून बंद होता ती गोष्ट वेगळी. फोन बंद करून चालू केला. तिच्या बोटांना तेल लावलं, पुसलं. ती घरी जाऊन दुपारी एकटीनं प्रयत्न करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची, "सोनियाच लागली." गुरुवारी तर सोनियानं अजिनाथला कळवलं, आत्याला काय झालंय बघा, सारखा फोन करतीय. अजिनाथ मला म्हणाला, "बाई, जाऊ द्या ना, कशाला माय बेजार व्हायली. आम्ही हाय ना फोन लावून द्यायला." गडी मनानं चांगला, पण त्याच्या त्या वाक्यानं मला अशी चीड आली की विचारू नका. आम्हाला आयुष्यभर हेच ऐकायचं असतं. आम्ही आहोत ना.

मी त्या रात्री झोपेपर्यंत हाच विचार करत होते. एकाच नावाला बोट का घसरतं? फोनला काय त्या माणसाशी वैर आहे?

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी बानाबाई वेगळीच होती. आली, बसली, आणि फोनला हातच लावेना. "आज बेपारी येनार," म्हणाली. "दुपारपत्तुर मेंढरं टेम्पोत चढतील. जाऊ दे बाई. नाय जमलं तर नाय जमलं." तिचा आवाज असा पडलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला गलबलून आलं आणि गलबलून आलं की मी ओरडते.

"जाऊ दे कशाला? अजून दुपार व्हायचीय! उघडा यादी. आज मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, नुसती ऐकते. चला."

मी खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढली आणि कान देऊन बसले. "आधी अजिनाथ. लावू नका, नुसतं नावावर जा आणि टिचकीसाठी हात तयार ठेवा." फोन म्हणाला, "अजिनाथ." बानाबाईच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या टेबलाच्या कडेला जरा किणकिणल्या, बस्स. "आता रत्नमाला." तसंच. "आता पुढचं, ह्या वेळी लावाच."

"सोनाजी," फोन म्हणाला.

आणि बांगड्यांचा आवाज वर गेला. टेबलापासून वर, तिच्या कानापर्यंत, तिथं कापड सळसळलं, आणि बांगड्या पुन्हा खाली आल्या. बोट काचेवर टेकलं, फोन "सो" म्हणतो न म्हणतो तोच टिचक्या पडल्या.

"थांबा!" मी तिचा हातच धरला. फोन कट केला. "मावशी, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? टिचकी मारली."

"त्याच्या आधी. हात वर कुठं नेला होता?"

ती जरा घुटमळली. "पदर घेतला डोक्यावर."

"का?"

"का म्हंजी? नाव आलं ना त्येंचं!"

मला असं हसू फुटलं की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला. चार दिवस मी यादी तपासतेय, नंबर तपासतेय, फोनची उलटतपासणी घेतेय, आणि बाई नवऱ्याचं नाव कानावर पडलं की उजव्या हातानं पदर घेतीय! हात परत येताना बोट जरा खाली टेकायचं, तिथं सोनिया. आमच्या फोनचा नियमच असा, बोट जिथं विसावलं ते खरं. आणि घाईत ही पुढचं ऐकत नव्हती. हे जगातल्या कुठल्या पुस्तकात सापडलं असतं मला?

"अहो, फोनसमोर कशाला पदर?" मी डोळे पुसत विचारलं.

"मंग नाव काय फोनचं हाय का?" ती फणकारली.

मी म्हटलं, "बरं, सोपं आहे. नावच बदलून टाकू. 'अजिनाथचे दादा' असं लिहिते. मग पदर नको आणि माइकवर तुम्हाला तोंडानंही म्हणता येईल. आणा इकडं."

मी हात पुढं केला, तिनं फोन छातीशी ओढला. "नको."

"का आता?"

मग हळू आवाजात, जवळजवळ माझ्या कानात म्हणाली, "लगीन झाल्यापासून म्या ते नाव कधी तोंडात घेतलं नाय. उखान्यात घेतलं आसंल तेवढंच. लोकं हाका मारायचे, मी आयकायचे. आता हितं तिसऱ्या मजल्यावर कोन त्येंचं नाव घेनार? लेक दादा म्हनतो, सून मामा म्हनती. ही फोनातली बाई घेती. मी दुपारी एकली आसले की तिथवर जाते आन् नुसतं आयकते. परत मागं, परत फुडं. लई गोड वाटतं गं. ऱ्हाऊ दे ते नाव."

मी फोन शिकवते त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक त्यावर बँक बघतात, बातम्या ऐकतात, भजनं लावतात. नवऱ्याचं नाव ऐकायला कुणी बोट फिरवतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही; मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला, सरळ सांगते.

"बरं," मी म्हटलं. "नाव राहू दे. पदरही राहू दे. पण आधीच घ्या. डाव्या हातानं घ्या आणि डाव्याच हातानं हनुवटीखाली गच्च धरून ठेवा. उजवा हात टेबलाचा. काहीही झालं तरी उजवा हात टेबल सोडणार नाही. कबूल?"

"कबूल."

मी वेळ ऐकली. दुपार झाली होती. मेंढरं सावलीला बसायची वेळ.

"मी बाहेर जाऊ का?" मी विचारलं. जायची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण विचारावं लागतं.

"बस तू. लेकाम्होरं बोलता येत नाय. तू परकी हायेस. आन् तुला कुठं दिसतं?"

"दिसत नाही, पण ऐकू येतं की!"

"आयक मंग," ती म्हणाली.

डाव्या हाताच्या बांगड्या वर गेल्या आणि तिथंच थांबल्या. उजव्या हातानं तिनं गोचीड उडवली. अजिनाथ. आणखी उडवल्या. रत्नमाला. मग आणखी एक. "सोनाजी." उजव्या हाताच्या बांगड्या टेबलावरच राहिल्या. दोन टिचक्या.

रिंग गेली. गेली. गेली. मला वाटलं, बंद नाही म्हणजे निम्मं काम झालं. मग कुणीतरी उचललं, आधी वाऱ्याचा घोंघाट आणि मेंढरांचा बेंबें आवाज, आणि मग एक जाडाभरडा गळा, "हालो. कोन? अजिनाथ का?"

"मी हाय," बानाबाई म्हणाली.

"कोन मी?"

"आवो, मी!"

तिकडं एकदम धावपळ. "तू? अजिनाथ कुठंय? काय झालं? बरं हाय ना समदं?"

"कायी झालं नाय. म्या सवता लावला."

"सवता म्हंजी?"

"सवता म्हंजी मह्या हातानं. ते ऱ्हाऊ द्या. बेपारी आला का?"

"आलाय. लिंबाखाली बसलाय. टेम्पो यायचाय आजून."

बानाबाईनं श्वास घेतला, तो मला ऐकू आला. "इकू नका."

"आं?"

"मेंढरं इकू नका म्हनते मी."

तिकडं नुसतं वारं. मग गडी सावकाश म्हणाला, "आगं, तूच म्हनलीस ना? अजिनाथ म्हनला, माय म्हनती आता बास झालं, इकून टाका आन् हितं या. म्हून म्या बेपारी बोलावला. नायतर मह्या काय जिवावर आलीत का मेंढरं?"

"म्या? म्या कवा म्हनले?" बानाबाईचा आवाज चढला. "मला तर त्यो म्हनला, दादा थकलेत, त्येंलाच नकोत!"

"म्या थकलो?" सोनाजी असा तापला की फोन खरखरला. "काल पहाटंपासून सांजपत्तुर चाललोय मेंढरांमागं! थकलो म्हनतोय! येऊ दे त्याला हिकडं!"

मला अजिनाथचा राग आला आणि त्याच दमात त्याची कणवही आली. दोघांना एकमेकांच्या तोंडचं काहीतरी सांगून त्याला दोघांना एका छताखाली आणायचं होतं. लहानपणी मामाकडं राहिलेलं पोरगं, त्याला आईबाप घरात हवे होते, दुसरं काय. पण विचारायचं तरी!

"आयका," बानाबाई म्हणाली. "मला हितं करमत नाय. पंखा हाय, नळ हाय, सून चांगली हाय, सगळं हाय. पन मला तुमच्यापाशी यायचंय. बिऱ्हाडावर."

"दिसत नाय ना तुला," तो म्हणाला. ह्या वेळी हळू. "काटं, खड्डं, बांध. चुलीपाशी हात भाजला तवा म्या कसा बघितला तुला, मलाच ठावं."

"चूल तुमी पेटवा. मी कोकरं पाजीन, लोकर निवडीन. चालताना घोडीच्या दाव्याला धरीन. पडले तर पडले. हितं काय, पडायची बी सोय नाय."

एक कोकरू कुठंतरी जवळच ओरडलं.

"आन् ह्या बेपाऱ्याला काय सांगू?" सोनाजी म्हणाला. "लांबून आलाय गडी."

"च्या पाजा आन् लावून द्या."

तो हसला. मोठ्यानं, मोकळं. मग म्हणाला, "सोमवारी येतो तुला न्यायला. गंगापूरवरून सकाळची गाडी धरतो." आणि मग थोडं थांबून, अडखळत, "लई दिवसांनी तुहा एकलीचा आवाज आयकला गं. नायतर समदं घर बोलतं, तू बोलतच नायस. मला वाटलं, तुला आता मह्याशी बोलायचंच नाय."

बानाबाई रडत होती. आवाज न करता, पण शेजारी बसलेल्या आंधळ्या बाईपासून रडणं लपत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फोन कट कसा करायचा ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिलाही तो कट करायचा नव्हता, त्यालाही नव्हता. दोघं काही बोलत नव्हते आणि फोन चालू होता.

खाली हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. आज सुट्टीवर असलेला अजिनाथ जिन्यातून हाक मारत वर आला, "माय, चल, उशीर व्हायलाय!" दारात येऊन थांबला. फोनमधून मेंढरं ओरडत होती, ती त्यालाही ऐकू आली असणार.

बानाबाईचा आवाज त्याच्याकडं वळलासुद्धा नाही.

"थांब जरा तिथंच," ती म्हणाली. "मी मह्या मानसासंगं बोलायले."